ढगाळ दिवसाची दुरुस्ती

एका जंगलात एक पाणवठा होता. पाणवठा काय, सगळ्याच जंगलांत असतो, मुलांनो. पण या पाणवठ्याला नियम होता.

काठावरच्या काळ्या खडकावर तो कोरलेला होता. 'उंबराची सावली पाण्यावर आहे तोवर हरणं, भेकरं आणि सशांनी पाणी प्यावं. सावली गेली की बिबट्यांनी यावं.' संपला नियम. दुपार कलली की उंबराची सावली पाण्यात उतरायची, आणि सूर्य मावळला की नाहीशी व्हायची. हरणं परत फिरायची, बिबटे यायचे. सगळे पाणी प्यायचे आणि कुणी कुणाला प्यायचं नाही.

नियमाच्या खाली आणखी एक ओळ होती. 'हा नियम सर्वांचा आहे. कुणालाही दोष आढळल्यास दुरुस्ती घेऊन यावं. स्वागत आहे.'

शहरातली माणसं अशा गोष्टीला ओपन सोर्स म्हणतात. जंगलात तिला नुसतं 'आपला नियम' म्हणत. तो कुणाच्या मालकीचा नव्हता. आसपासच्या जंगलांनीही तो जसाच्या तसा उचलला होता, आणि कुणी त्यांना अडवलं नव्हतं. अभिमान वाटावा अशीच ती गोष्ट होती.

त्या जंगलात भिंगरी नावाचं एक भेकर राहत होतं. भेकर म्हणजे हरणाच्या कुळातलंच, पण हरणापेक्षा बुटकं, आणि सोशिकपणात तर फारच बुटकं. भिंगरी तरुण होती आणि तिनं खडकावरचा नियम वाचला होता. यात काय विशेष, असं तुम्ही म्हणाल. मुलांनो, नियम सगळेच पाळत होते. वाचला फार थोड्यांनी होता.

वाचता वाचता ती अडली. सावली गेली की बिबट्यांनी यावं. आणि ढग आला तर?

ढग आला की सावली जाते. सूर्य मावळायला अवकाश असतो, हरणांच्या माना पाण्यात असतात, आणि सावली जाते. म्हणजे बिबट्यांची पाळी लागते. मग बिबटे येत. अगदी नियमाप्रमाणे येत. करवंदीच्या जाळीत बसून ते सावलीकडेच डोळे लावून असत. नियमाचा त्यांच्याइतका बारीक अभ्यास जंगलात कुणाचाच नव्हता.

गेल्या वैशाखात असाच एक ढग आला होता, आणि भिंगरीची मावशी घरी परतली नव्हती. सगळे म्हणाले, "नशीब तिचं."

भिंगरी म्हणाली, "नशीब कसलं? बग आहे हा, नियमातलाच दोष."

यंदा तिच्या आईच्या पायात बाभळीचा काटा मोडला होता. पाय सुजला होता. आई लंगडत पाण्याला जाई आणि लंगडत परत येई. पळणं तिच्यानं होण्यासारखं नव्हतं. आणि पश्चिमेला ढग जमू लागले होते.

"आई, आभाळ भरलं असेल तेव्हा पाण्याला जाऊ नकोस."

"अगं, तहान काय आभाळ बघून लागते? आणि नियम आहे ना. मोठ्यांनी विचार करूनच केला असेल की."

भिंगरीनं दुरुस्ती शोधली. फार शोधावी लागली नाही. 'सावली गेली की'च्या जागी 'काळोख पडला की', एवढंच. सागाच्या पानावर तिनं ते खुरानं कोरलं आणि धापा टाकत पाणवठ्यावर गेली. संध्याकाळपर्यंत खडकावर चढेल, असं तिला वाटलं होतं. तरुण होती, म्हटलं ना.

दुरुस्त्या तपासायचं काम बगळेगुरुजींकडे होतं. गुरुजी एका पायावर डोळे मिटून उभे होते. ही त्यांची कामाची वेळ होती.

"गुरुजी, दुरुस्ती आणलीय!"

गुरुजींनी एक डोळा उघडला. "वा, वा! स्वागत आहे. नव्या पिढीनं पुढं यायलाच हवं." मग त्यांनी पान पाहिलं. "पण बाळ, हे सागाचं आहे."

"हो. मग?"

"दुरुस्ती पळसाच्या पानावर असते."

"कुठं लिहिलंय?"

"लिहिलेलं नाही. सगळ्यांना माहीत असतं."

भिंगरी पळस शोधून आली. गुरुजींनी पान उलटंसुलटं केलं.

"आता दोष दाखव. आमच्यासमोर घडवून दाखव."

"म्हणजे मी ढग आणू? आणि बिबट्यानं कुणालातरी खाऊन दाखवायचं?"

"जमल्यास," गुरुजी म्हणाले. "त्यानं तपासणी सोपी जाते."

"गुरुजी, माझी मावशी गेली हो यात."

"वाईट झालं. पण तिनं तक्रार केली का? ढगाबद्दल आमच्याकडे आजवर एकही तक्रार नाही."

"ज्यांची तक्रार होती, ते बिबट्याच्या पोटात आहेत!"

"तेच म्हणतोय मी. पाणवठ्यावर येणाऱ्यांपैकी एकाचीही नाही." गुरुजींनी पाय बदलला. "तू असं कर, अण्णांना भेट."

अण्णा म्हणजे कासवअण्णा. हा नियम मुळात त्यांनीच कोरला होता. तरुणपणी, फुकट, नखं झिजवून. त्याआधी पाणवठ्यावर रोज रक्त सांडायचं. हे खरं आहे, मुलांनो, आणि ते विसरता कामा नये. भिंगरी मात्र त्या दिवशी विसरली होती.

"अण्णा, ढग आला की नियम बिघडतो!"

पाण्यातून संथपणे एक डोकं अर्धं वर आलं. "असं? मी जन्मभर इथं आहे. मला तर पाण्याची कधी अडचण आली नाही."

"तुम्ही पाण्यातच राहता!"

"म्हणून तर सांगतो. आतून पाहिलं की सगळं छान चाललेलं दिसतं."

"आणि बाहेर जीव जातात त्याचं काय?"

अण्णांनी थोडा विचार केला. तो बराच वेळ चालला. "बरं, तुझं खरं धरू. पण बिबट्यांना आता सवय झालीय, पोरी. ढग आला की निघायचं, असं त्यांचं बसलेलं आहे. एकाएकी बदललं तर त्यांची गैरसोय नाही का होणार? जुन्या मंडळींना असं तोडून चालत नाही."

"मग हरणांच्या गैरसोयीचं काय?"

"हरणं काय, दर खेपेला नवीच असतात." अण्णा मायेनं हसले. "ठेव पान. बघतो."

"कधी?"

"ऊन उतरलं की. उन्हाळ्यात मी डोकं फारसं बाहेर काढत नाही."

आणि ते गेलंही आत.

पान ठेवायची जागा खडकामागं होती. तिथं पळसाच्या पानांचा हा एवढा ढीग होता. वरची पानं पिवळी होती, खालच्यांची जाळी झाली होती. भिंगरीनं सहज एक उचललं आणि तिचे कान ताठ झाले. 'काळोख पडला की.' अक्षर एका चितळाचं होतं.

"गुरुजी! हीच दुरुस्ती! आधीच कुणीतरी दिलीय!"

"अरेच्चा," गुरुजींनी मान लांब केली. "मग तुझी दुबार झाली. दुबार पान आम्ही घेत नाही."

"नका घेऊ! हे आधीचं घ्या!"

"त्यात एकदोन शंका विचारल्या होत्या आम्ही. पण ते चितळ नंतर आलंच नाही." गुरुजींनी उसासा टाकला. "तुम्हा तरुणांत चिकाटी कमी पडते."

भिंगरी खडकाला डोकं आपटणार होती. तेवढ्यात पाणवठ्यावर खुरांचा आवाज झाला. सावली पाण्यावर उतरली होती. हरणं आली, ससे आले, आणि सगळ्यांच्या मागून लंगडत तिची आई आली. आईनं पुढचे पाय जपून चिखलात रोवले आणि मान पाण्यात घातली.

पश्चिमेचा एक ढग निघाला. छोटासाच, सशाएवढा. तो सावकाश चालत आला आणि सूर्यापुढं उभा राहिला.

सावली गेली.

करवंदीच्या जाळीत ठिपकेसाहेब उठले. जंगलातले सर्वांत मोठे बिबटे ते. अंग ताणलं, जांभई दिली आणि अतिशय मऊ आवाजात म्हणाले, "माफ करा हं, आमची पाळी."

आईची मान अजून पाण्यातच होती.

पळसाचं पान, सागाचं पान, आधीचं, नंतरचं, सगळं भिंगरीच्या डोक्यातून पार उडालं. पोटातून काहीतरी वर आलं आणि तोंडातून बाहेर पडलं. "भ्वाक्!"

असा आवाज त्या पाणवठ्यावर कधी झाला नव्हता. हरणं चारी दिशांना उधळली. आई तीन पायांवर अशी सुटली की तिचं तिलाच नवल वाटलं. ठिपकेसाहेबांनी झेप घेतलेली होती, पण हवेतच ते दचकले आणि धपकन पाण्यात पडले. नेमके अण्णांच्या पाठीवर.

अण्णांना त्या दिवशी जन्मात पहिल्यांदा पाण्याची अडचण आली.

दुसऱ्या सकाळी पाणवठ्यावर सभा भरली. ठिपकेसाहेब अजून थोडे ओले होते. त्यांनी खाली मान घालून पळसाचं पान पुढं केलं. 'पाणवठ्यावर कुणी ओरडू नये. शांतताप्रिय प्राणी दचकतात. विचार व्हावा, ही नम्र विनंती.'

गुरुजींनी दोन्ही डोळे उघडले. "बघा! याला म्हणतात दुरुस्ती! पान पळसाचं. भाषा सौजन्याची. आणि दोष तर आपण सगळ्यांनी घडताना पाहिलाय."

"मी तर फार जवळून पाहिलाय," पाठ चोळत अण्णा म्हणाले, आणि भर उन्हात डोकंच नव्हे, अख्खे बाहेर आले.

दुपारच्या आत नवी ओळ खडकावर चढली.

"आणि माझी?" भिंगरीनं विचारलं.

"तुझा मुद्दा बरोबर असेलही, बाळ. पण तुझा सूर बरोबर नव्हता." गुरुजींनी डोळे मिटले. "आपल्या नियमातून तुला वगळावं लागेल."

"माझी आई वाचली, गुरुजी."

"त्याचा आनंदच आहे. पण ते नियमात बसत नाही."

"म्हणजे मी आता तुमच्यातली नाही?"

"नाही."

"मग तुमचा नियम मला लागू नाही?"

गुरुजींनी पाय बदलला. मग परत बदलला. हा प्रश्न पळसाच्या पानावर आलेला नव्हता. "तसं पाहिलं तर... नाही."

भिंगरी पाणवठ्याच्या हद्दीबाहेरच्या टेकडीवर जाऊन बसली. तिथून आभाळही दिसत होतं आणि पाणीही. त्या संध्याकाळी ढग सूर्याजवळ सरकला आणि सावली थरथरली, तशी ती ओरडली. "भ्वाक्!" ठिपकेसाहेबांची जांभई पुरी व्हायच्या आत काठ रिकामा झाला होता.

ती रोज बसू लागली. हरणं कुरकुरत. "काय बाई ही कटकट! धड पाणीसुद्धा पिऊ देत नाही." पण पळत. आई पाणी पिऊन वर आली की म्हणे, "किती ओरडतेस गं? घसा बसेल." भिंगरी म्हणे, "बसू दे. तू प्यायलीस ना पोटभर?" पुढं इतर भेकरंही तिच्याकडून शिकली. भेकर अजूनही धोका दिसला की भुंकतं, ते तेव्हापासून.

उन्हाळा संपताना गुरुजींनी खडकावर उभं राहून जाहीर केलं, "कळवायला आनंद होतो, की यंदा त्या एका संध्याकाळच्या गोंधळानंतर ढगामुळे काहीही झालेलं नाही. आपला नियम निर्दोष असल्याचं यातून सिद्ध होतं. खडकामागची सर्व पानं निकालात काढण्यात येत आहेत."

पानं पाण्यात सोडून देण्यात आली. टाळ्या झाल्या. टाळ्या वाजवणाऱ्यांत हरणं जास्त होती.

ठिपकेसाहेब मात्र पुष्कळ वाळले आहेत. परवाच त्यांनी नवीन पान दिलं, पळसाचं. 'पाणवठ्याची हद्द वाढवून शेजारची टेकडीही आपल्या नियमात प्रेमानं सामावून घ्यावी.' भाषा फारच सुंदर आहे म्हणतात. गुरुजींनी ते सगळ्यात वर ठेवलंय.

तात्पर्य: दोष दाखवणाऱ्याला ताबडतोब हाकलून द्यावं. आत ठेवलं, तर एक दिवस त्याची दुरुस्ती स्वीकारावी लागते. बाहेर घालवलं, तर तीच दुरुस्ती तो रोज बाहेर बसून घसा फुटेस्तोवर फुकट करत राहतो, आणि नियम निर्दोष ठरतो. फक्त एक काळजी घ्यावी, मुलांनो. त्याला पुन्हा आत घेण्याची सूचना कोण मांडतंय, हे विचारू नये. उद्धटपणा दिसतो.