हसुरामभाऊ आणि फुटकं घड्याळ

मनगटावर स्मार्टवॉच बांधून जगाला वेळ विचारत बसणारा माणूस तुम्ही पाहिलाय का? नसेल तर आमच्या निजामपुऱ्यात या. माझ्या ओट्याला लागून हसुरामभाऊंचा ओटा. डाव्या हातात घड्याळ, त्याची काच कोळिष्टकासारखी तडकलेली आणि आत मिट्ट काळोख. मी भाजी निवडायला बाहेर आले रे आले की पहिला प्रश्न, "वयनी, किती वाजलं?"

"साडेपाच."

"किती?"

"साडेपाच!"

"बरा हाय," म्हणून मान डोलावतात, आणि घटकाभराने पुन्हा तेच. एकदा मी वैतागून म्हटलं, "भाऊ, तुमच्या हातात काय बांगडी आहे का?" तर म्हणाले, "न्हाय, चहा आत्ताच झाला."

घ्या!

भाऊ मूळचे अंजूरचे. तरुणपणीच लूमवर, म्हणजे कापड विणायच्या यंत्रमागावर आले आणि जॉबर झाले. जॉबर म्हणजे बिघडलेला लूम चालता करणारा माणूस. कारखाना सुटला, पण हातातला पाना काही सुटला नाही. त्यांच्या घरात पुनर्जन्म न झालेली एक वस्तू सापडायची नाही. छत्रीला मूठ म्हणून लूमचा लाकडी धोटा, खुर्चीला मशीनचा चामडी पट्टा, बायकोच्या चष्म्याला तांब्याची तार. काही टाकायचं म्हटलं की वाक्य ठरलेलं, "तार तुटली म्हनून कोन बीम फेकतो काय? गाठ मारायची नि लूम चालू करायचा." बीम म्हणजे कापडाच्या सगळ्या तारा ज्याच्यावर गुंडाळलेल्या असतात तो जाडजूड रूळ. माझी फुटकी बादली मी भंगारवाल्याला दिली, तर भाऊंनी ती त्याच्या गाडीवरून उतरवून घेतली आणि तापल्या उलथन्याने डागून मला परत आणून दिली. अजून गळते. पण टाकायची सोय नाही, ओट्यावरून बघत असतात ना!

बघण्यावरून आठवलं. बोलताना समोरच्याच्या तोंडाकडे टक लावून बघायची ह्यांना खोड. पहिल्या पहिल्यांदा मला वाटायचं, माझ्या दाताला काही लागलंय की काय. आणि बोलणं म्हणजे नुसतं ओरडणं. आता आमच्या गल्लीत सगळेच ओरडून बोलतात म्हणा. दोन्ही अंगांना लूम खडखडत असताना हळू बोलून कोणाला काय कळणार?

तर हे घड्याळ मुलीने, मनीषाने आणलं. ती पनवेलला दिलेली. "बाबा, किती चाललात, किती झोपलात, सगळं कळेल," म्हणाली. भाऊ म्हणाले, "मी चाललो ते मला म्हाईत न्हाय काय?" पण थोड्याच दिवसांत घड्याळ अंगाला असं चिकटलं की झोपतानाही उतरेना. मग एके दिवशी चांगल्याभल्या पाटाला उगाच खिळा ठोकायला बसले आणि हातोडी पाटाऐवजी मनगटावर बसली. हात वाचला, काच गेली.

तिथून माझ्या डोक्याला ताप सुरू झाला. घड्याळ दुरुस्त करायचं की नवीन घ्यायचं? अहो, एवढ्या चर्चेत आमच्याकडे लग्नं जुळतात आणि मोडतातही. मनीषा मला फोन करते, "काकू, बाबा फोनवर माझं काही ऐकतच नाहीत, तुम्हीच त्यांना नवीन घ्यायला लावा." मी लावायला जावं तर हे म्हणणार, "चालतंय की."

"अहो, वेळ दिसत नाही, मग काय चालतंय?"

"चालतंय."

मधूनच मात्र घड्याळ गालाला लावून बघायचे आणि चेहरा उतरायचा.

शेवटी मीच त्यांना रिक्षात घालून तीन बत्तीच्या बाजारात नेलं. मोबाईल दुरुस्त करणाऱ्या अस्लमने घड्याळ उलटंपालटं केलं आणि म्हणाला, "चाचा, काच मँगवानी पडेगी. मागचं पण ढिलं झालंय. आठ-दस दिन रखना पडेगा." दोन्ही पंजे पसरून दाखवले त्याने.

भाऊंनी घड्याळ त्याच्या हातातून ओढून घेतलं. "एक रात देनार न्हाय."

"तो फिर नया ले लो ना चाचा. थोडे और डालो, नया आ जायेगा."

त्याने नवीन घड्याळ त्यांच्या मनगटावर बांधलं, फोनला जोडलं आणि रिंग दिली. ते घड्याळ असं केकाटलं की शेजारचा अत्तरवाला दुकानाबाहेर आला. भाऊ आपले मनगटाकडे बघत उभे. बराच वेळ. मग म्हणाले, "ह्यात जीव न्हाय."

"अहो, अख्खा बाजार दणाणला!"

"जीव न्हाय. काढ हा."

परतताना रिक्षात मी तोंड फिरवून बसले. दुरुस्तीला ठेवायचं नाही, नवीन घ्यायचं नाही आणि वेळ मात्र मला विचारायची!

त्याच आठवड्यातली गोष्ट. संध्याकाळी मी कुकर लावत होते आणि भिंतीपलीकडे भाऊंचा फोन वाजत होता. तो फळीवर पडलेला असतो, दिवसातून कितीदा तरी वाजतो, पण भाऊ उचलत म्हणून नाहीत. ओट्यावरून नुसते उठून आत जातात. ही आणखी एक तऱ्हा. त्या दिवशी फोन वाजून थांबला, परत वाजला, परत थांबला. मग स्टीलचा पेला जमिनीवर आपटल्याचा आवाज, आणि गुलाबवहिनींची हाक.

गुलाबवहिनी म्हणजे भाऊंची बायको. पक्षाघाताने एक अंग गेलंय, पलंगावरून उठवत नाही त्यांना. मी गॅस बंद करून धावले. बघते तर वहिनी पलंगावरून अर्ध्या घसरलेल्या, चांगल्या हाताने कड घट्ट धरलेली. आणि भाऊ? चार पावलांवर, ओट्यावर, रस्त्याकडे बघत पाय हलवत बसलेले!

माझा संताप झाला. खांद्याला धरून गदागदा हलवलं त्यांना. "बहिरे आहात का हो?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं, आत बघितलं, मग मनगटाकडे. घड्याळावर एकदा बोट आपटलं. धावत आत जाऊन वहिनींना उचलून नीट बसवलं आणि कितीतरी वेळ त्यांचे पाय चोळत राहिले.

दुसऱ्या दिवशी आपण होऊन गेले आणि घड्याळ अस्लमकडे ठेवून आले.

मी भाजी घेऊन बाहेर आले तर भाऊंच्या मनगटाला, घड्याळ असायचं तिथे, पांढरं सूत. लूमचंच, चार पदरी पिळलेलं. सूत उंबऱ्यावरून थेट आत गेलेलं. मला वाटलं, नवसबिवस असेल. तेवढ्यात ते ताणलं गेलं आणि भाऊ ताडकन उठून आत.

मीही मागोमाग गेले. दुसरं टोक वहिनींच्या बोटाला. भाऊ माठाकडे पाणी घ्यायला वळले, तसं वहिनींनी मला जवळ बोलावलं आणि अगदी कानाशी लागून कुजबुजल्या, "त्यांना आयकू येत न्हाय, बाय. लूमनं कान खाल्लं. मी पलंगावरून त्यांना फोन लावते, तवा घड्याल त्यांच्या हातावर थरथरतं. तेवढंच कलतं. कोनाला बोलू नको, लाजतात ते."

"अहो, मग कुजबुजताय कशाला? त्यांना ऐकू येत नाही ना?"

"म्हनून काय वरडून सांगू?" वहिनी म्हणाल्या.

आता भाऊंनी वेळ विचारली की मी बोटं दाखवते. पाच बोटं, आणि अर्ध्यासाठी वाकडी करंगळी. तर त्यावरही रागावतात, "तोंडानं बोल ना वयनी, मी काय बहिरा हाय?" मग मी मेथीची जुडी बाजूला ठेवते, त्यांच्याकडे तोंड करते आणि सावकाश बोलते, "सा-डे-पा-च."

घड्याळ आलं दुरुस्त होऊन. नवी काच, आत लख्ख उजेड, थरथरतंही झकास. मनीषा खूश. मी म्हटलं, सुटले बाई एकदाची! पण काल बघते तर डाव्या हातात घड्याळ आणि तेच सूत आता उजव्या हाताला. मळलंय, मध्ये एकदोन गाठीही पडल्यात.

"आता हे कशाला?" मी त्यांच्यासमोर उभी राहून विचारलं. "घड्याळ चालू झालं ना?"

उत्तर द्यायच्या आत सूत ओढलं गेलं. भाऊ उठले, आत जाऊन आले. बसतात न बसतात तोच पुन्हा. पुन्हा गेले, पुन्हा आले. तिसऱ्या वेळी मात्र उठले नाहीत. बसल्या जागेवरूनच त्यांनी सूत हलकेच दोनदा आपल्याकडे ओढलं. आतून एकदा ओढ आली, आणि सूत सैल पडलं.

"काय मागतायत वहिनी?"

"मागत काय न्हाय," भाऊ रस्त्याकडे बघत म्हणाले. "बघते, तार तुटली काय."

मग उजेडाने भरलेलं ते घड्याळ बांधलेला हात गुडघ्यावर तसाच ठेवून माझ्या तोंडाकडे बघत म्हणाले, "वयनी, किती वाजलं?"