दोन चमचे सेव उसळ

ऑपरेशनमध्ये श्रीकृष्णरावांचं अख्खं पोट गेलं, कॅन्सरही गेला. सेव उसळीचं स्वप्न तेवढं राहिलं. रोज दुपारी डोळा लागला की लाल तर्री ढगासारखी तरंगत यायची, वरून शेव भुरभुरायची, आणि नेमकं तेव्हाच मृदुलाताई वाटीत मऊ भात घेऊन हलवायच्या. "उठा. थोडं थोडं, चावून चावून."

एक दिवस ते "जरा पाय मोकळे करून येतो" म्हणाले आणि रिक्षात बसून थेट लहरीपुऱ्याला, कुशलभाईच्या सेव उसळीच्या गाडीवर गेले. पेशंट होऊन कंटाळले होते बिचारे. एकदा नुसतं गिऱ्हाईक व्हायचं होतं.

कुशलभाईने जुन्या ओळखीने प्लेट काठोकाठ भरली. पहिला चमचा म्हणजे स्वर्ग. दुसराही स्वर्गच. तिसऱ्याला आतून पाटी लागली, हाउसफुल्ल.

"काका, शुं थयुं? आजे टेस्ट नथी?" कुशलभाईचा चेहरा उतरला. बाकड्यावरची माणसं आपापल्या प्लेटी हुंगायला लागली.

आजारपण तर सांगायचं नव्हतं. श्रीकृष्णरावांच्या तोंडून निघून गेलं, "तसं नाही रे, आज उपास आहे माझा."

चमचा हातातच होता. मिशीत शेव होती.

"उपवास? ने मारी उसळ खाधी?" कुशलभाईने कान पकडले. "आ पाप तो मने लागे!" प्लेट ओढून घेत त्याने शेजारच्या गाडीवरून साबुदाण्याची खिचडी मागवली. खिचडीवाला "एक घास तो लो" म्हणून समोर उभाच राहिला. मागून कोणी केळी आणली, कोणी बटाट्याचा चिवडा. श्रीकृष्णराव जितकं नको म्हणत, तितकं समोर वाढत गेलं.

"अरे बाबांनो, मला पोटच नाहीये! डॉक्टरांनी काढलंय!"

खिचडीवाल्याने पुढे केलेला घास मागे घेतला. कुशलभाईने हळूच विचारलं, "तो पछी काकी शुं खाय छे?"

"ती? ती पण... मऊ भातच." हे श्रीकृष्णरावांच्या आत्ता ध्यानात आलं.

कुशलभाई गाडीकडे वळला. पार्सल बांधायला लागला.

मृदुलाताई दारातच होत्या. "वास येतोय. किती खाल्लीत?"

"दोन चमचे. देवाशप्पथ."

त्यांनी पिशवी हिसकावली, तिथेच उंबऱ्यावर बसल्या आणि पाव बुडवला. नाक वाहतंय, डोळे वाहतायत, पण हात थांबेना. श्रीकृष्णराव भिंतीला टेकून बघत राहिले. लाल ढग तरंगत होता, शेव भुरभुरत होती, आणि आज कोणी उठवत नव्हतं.

"बघताय काय?" मृदुलाताईंनी बोट चाटलं. "उद्याही जा पाय मोकळे करायला. तर्री जास्त सांगा."