तीन शॉकअपांची मोहीम व सुई ओवल्याची हकीकत

रस्त्यांवरचे खड्डे ज्यांच्या मणक्यांस नावानिशी ओळखतात, त्या सर्व थोर जनांस विदित व्हावे की, पुढील हकीकत अक्षरशः खरी असून तीत मीठमसाला घातलेला नाही, आणि जेथे घातला आहे तेथे चवीपुरताच घातला आहे. कोपऱ्यावरील शिलाईच्या दुकानाचे अधिपती, कात्रीबहाद्दर, राजश्री टेलर मास्तर यांणी एका जुन्या क्वाडच्या तीन शॉकअपांकरिता जी मोहीम काढिली, तीत कोण कामास आले, कोण पडले आणि अखेर कोण बसले, ते यथास्थित लिहितो.

मास्तरसाहेब अंगाने काडी, वजनाने छप्पन किलो, तेही खिशात कात्री असता. गाव सोडून निघालेल्या एका गिऱ्हाइकाकडून त्यांणी ही चार जाड चाकांची, मोटारसायकलीसारख्या हँडलाची क्वाड जुनीच घेतली होती, आणि दर रविवारी बंद पडलेल्या वीटभट्टीमागील उंचवट्यांच्या मैदानात तिजवर स्वार होऊन ते फेऱ्या मारीत. आठवडाभर इतरांच्या कंबरा मोजणारा हा पुरुष त्या एका तासात कोणाचाच मास्तर नसे, आणि तो तास त्यांस जिवाहून प्यारा होता. परंतु गाडीचे शॉकअप पार थकले होते. शॉकअप म्हणजे चाक आणि माणूस यांमध्ये तह घडविणारा वकील. तो थकला की चाकाचा सगळा राग थेट माणसाच्या पाठीत उतरतो. तेणेकरून सोमवारी मास्तरांचे हात थरथरत, आणि मग एके सोमवारी हेडमास्तरांच्या पँटचा एक पाय दुसऱ्याहून दोन बोटे आखूड जाहला, आणि हेडमास्तर ती पँट घालून भर रस्त्यातून दुकानी आले, आणि बभ्रा झाला.

तेव्हा घरातील खुद्द सरकार, म्हणजे मास्तरांच्या पत्नी, ज्या दुकानात काज-बटणांचे खाते सांभाळीत, त्यांणी फर्मान काढिले की, येत्या रविवारी मास्तरांनी मैदानास एक पुरी फेरी मारावी, उतरावे, आणि उतरताक्षणी पहिल्याच दमात सुईत दोरा ओवावा. न ओवल्यास भंगारवाल्याचा टेम्पो मैदानातच उभा असेल. आणि नव्या शॉकअपांवर घरची दमडी खर्च करू नये, हे कलम खाली जोडिले. हे ऐकून मास्तरांचे धाबे दणाणले.

या मसलतीमागे कोण होते, हे लपविण्याचे कारण नाही. टपाल खात्यातून निवृत्त जाहलेले सासरेसाहेब, वजन एकशे तीन किलो, मुलीकडेच राहात. क्वाड आल्यापासून तिला जागा करण्याकरिता त्यांची आरामखुर्ची पडवीतून हलवून जिन्याखाली ठेविली होती, जेथे ऊन नाही, वारा नाही आणि रस्त्यावरचे भांडणही नीट ऐकू येत नाही. हा अपमान त्यांणी दोन वर्षे गिळिला, परंतु पचविला नाही. रोज जेवताना विचारीत, “मग, जावईबापू, तो तुमचा चारपायी घोडा जातोय कधी?”

मग मास्तर कंबर कसून, म्हणजे कंबरेस पट्टा आवळून, गॅरेजवाल्या उस्तादांच्या दरबारी गेले. उस्तादांस सारा इलाखा चौदापाना म्हणे, कारण चौदा नंबरचा पाना त्यांच्या हातातून जेवतानाही सुटत नसे. त्यांच्या अंगणात झाडास धडकून मोडलेली एक मोठी क्वाड पडली होती, परंतु तिचे शॉकअप शाबूत होते: पुढचे दोन, मागचा एक. तीन चहा होईतो बोलणी चालली, आणि तह ठरला तो ऐसा की, मास्तरांनी उस्तादांच्या मापाचे सहा बॉयलर सूट शिवून द्यावे, खिशास दुहेरी शिवण घालावी, आणि त्या बदल्यात तिन्ही शॉकअप, बसविण्याचे बुश आणि अक्कल न्यावी. अक्कल ती ऐशी: “मास्तर, चालवणाऱ्याला गाडीवर बसवा. तो बसला की गाडी चार बोटं खाली दबली पाहिजे. जास्त दबली तर ही कडी फिरवून स्प्रिंग आवळा. बस्स, एवढंच शास्त्र आहे.” मास्तरांनी ते वहीत टिपिले, कारण माप वहीत टिपण्याची त्यांची हयातभराची सवय होती.

बुधवारी दुकान लवकर बंद करून लगतच्या पडवीत मोर्चे लागले. जुना मागचा शॉकअप सोडविताना स्प्रिंग ऐसी उसळली की ती थेट दुकानात शिरली आणि कपडे अडकविण्याच्या पुतळ्याच्या छातीस लागली, आणि पुतळा पालथा पडला. त्यास मूळचेच मुंडके नव्हते, म्हणोन प्राणहानी जाहली नाही. मग कल्ला ऐकून सासरेसाहेब जिन्याखालून आले, तो पडवीतल्या स्टुलावर बसावे म्हटले तर स्टुलावर बोल्ट, नट, बुश आणि ग्रीसचा डबा यांणी तळ ठोकलेला. गुडघे दुखत होते, तेव्हा नवे तिन्ही शॉकअप चढेतो कसेबसे उभे राहून मग ते नाईलाजाने क्वाडवरच बसले, आणि तेथूनच टोमणे चालू केले.

येथे मास्तरांकडून जी चूक जाहली ती अन्य कोणा इसमाकडून होणे नाही. तीस वर्षे जो समोर येईल त्याचे माप घ्यायचे, स्वतःचे कधी घ्यायचे नाही, हा त्यांचा धर्म. समोर माणूस बसलेला दिसताच त्यांच्या हातांनी आपोआप गळ्यातील टेप ओढिली. माप घेतले: सात बोटे दबली. कडी आवळिली: सहा. पुन्हा आवळिली, हातास फोड आले, दात खाऊन आवळिली: चार. मास्तरांनी वहीत चार बोटे लिहिली, खाली रेघ मारिली, आणि त्या रात्री ते विजयी वीराप्रमाणे घोरले.

रविवारी मैदानाच्या एका टोकास सरकार सुईदोरा घेऊन उभ्या, दुसऱ्या टोकास भंगारवाला टेम्पोसह सिद्ध, आणि मध्ये सासरेसाहेब छत्री उघडून. मास्तर स्वार जाहले, गाडी सुटली, आणि पहिल्याच उंचवट्यास एकशे तीन किलोंकरिता आवळलेल्या स्प्रिंगांनी छप्पन किलोंचे मास्तर ऐसे उडविले की हँडल हाती राहिले आणि बाकीचे मास्तर वर गेले. दुसऱ्या उंचवट्यास टोपी गेली, तिसऱ्यास चप्पल गेली, चौथ्यास गाडी पुढे गेली आणि मास्तर मागे राहिले. मग ते चालत आले, गाडी ढकलीत आणिली, आणि सुई हाती घेतली. दोरा सुईच्या डावीकडून गेला, उजवीकडून गेला, एकदा तर बोटात गेला, परंतु भोकात गेला नाही. मास्तरांचे डोळे भरून आले. त्यांणी गाडीच्या टाकीवरून एकदा हात फिरविला आणि बाजूस होऊन उभे राहिले.

तेव्हा सासरेसाहेबांनी छत्री मिटिली आणि जाहीर केले की, गनिमास हद्दपार करण्याचा मान आपला. गाडी टेम्पोपर्यंत आपण दस्तुरखुद्द नेऊ. ते बसले. गाडी चार बोटे दबली, मापास माप. पहिला उंचवटा आला आणि गेला. सासरेसाहेबांस तो कळलाही नाही. दुसरा आला, तो झोपाळ्यासारखा गेला. टेम्पोजवळ येऊन गाडी थांबावी, ती थांबली नाही. भंगारवाला हात हलवीत राहिला. एक फेरी जाहली, दुसरी जाहली, तिसऱ्या फेरीत सासरेसाहेब मोठ्याने हसत होते, आणि वडील ऐसे हसताना लेकीने आई गेल्यापासून पाहिले नव्हते, म्हणोन तिने तोंडास पदर लाविला. मग ते उतरले, नाकावरील चष्मा तसूभरही सरकलेला नाही, सुई मागितली, आणि पहिल्याच दमात दोरा ओविला.

“बाबा, मग टेम्पोवाल्याला काय सांगू?”

“त्याला घरी घेऊन चल. माझी खुर्ची देऊन टाक.”

मास्तरांनी पाना काढून कडी सैल करण्यास हात घातला, परंतु सासरेसाहेबांनी तो मनगटापाशी धरिला. “जावईबापू, आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी माझ्या मापाचं मिळालंय. आता उसवू नका.”

मास्तर पेचात पडले. गाडी वाचली, परंतु तास गेला. पत्नीच्या हे ध्यानी आले, आणि तिने फर्मानास एक आठवड्याची मोहलत देऊन विचारिले, “अहो, बाबा एकशे तीन, तुम्ही छप्पन. मधलं अंतर भरून काढायला काहीच सुचत नाही का? एवढे टेलर ना तुम्ही?” तेव्हा मास्तरांच्या डोक्यात उजेड पडला. गिऱ्हाइकाचे खांदे पडके असता कोट कोणी बदलीत नाही, आतून पॅड लावितात. आठवडाभर कात्री चालली, आणि पुढील रविवारी तो जखमी पुतळा, पोटात वाळू भरून, वरून अस्तर शिवून, सत्तेचाळीस किलोंचा होऊन मास्तरांच्या मागे पट्ट्याने बांधिला गेला. बिनमुंडक्याच्या सोबत्यासह मास्तरांची स्वारी निघाली, वीटभट्टीवरील कावळे उडून गेले, आणि सर्व उंचवटे लोण्यासारखे पार जाहले.

सबब नमूद करणेत येते की, मोहीम फत्ते जाहली. पहिली फेरी सासरेसाहेबांची, दुसरी मास्तर आणि पुतळा यांची, ऐसा कायमचा करार जाहला. पडवीत खुर्चीच्या जुन्या जागी क्वाड कायमची राहिली, आणि सासरेसाहेब तिजवर बसूनच सकाळचे वर्तमानपत्र वाचू लागले. मास्तरांनी उतरताक्षणी पहिल्याच दमात सुई ओविली, आणि त्याच सुईने हेडमास्तरांची नवी पँट पुरी केली. दोन्ही पाय सारखे भरले. येथे गाठ मारून दोरा तोडिला.