बिघाड घालणारे देवराम सर

आमच्या शेजारचे देवराम सर लग्नाला जायच्या आधी एकदा लग्नाला जाऊन येतात. म्हणजे आदल्या दिवशी रिकाम्या मंगल कार्यालयात जायचं, मागच्या खुर्चीत बसायचं, पंखा कुठे, हात धुवायला कुठून जायचं, हे बघायचं आणि घरी यायचं. एकदा वॉचमनने त्यांना चोर समजून धरलं आणि मला फोन आला. मी धावत गेले, तर सर त्याला कौतुकाने सांगत होते, "छान केलंत. हा बिघाड मी धरलाच नव्हता."

मी इथे जळगावात शाळेत मराठी शिकवते. शेजारी आहेत म्हणून सहन करते, असं मी चारचौघांत म्हणते. पण खरं सांगू? मला या माणसाचं भारी कौतुक आहे.

त्यांचं कामच तसं आहे. अवकाशात सोडायची एक दुर्बीण आहे, आभाळातून येणारे क्ष-किरण पकडणारी. ती अजून बनलेलीच नाही! सर ती कॉम्प्युटरमध्ये खोटी खोटी बनवतात, तिच्यावर खोटे खोटे किरण सोडतात आणि खरी दुर्बीण कशी चालेल ते आधीच सांगतात. परदेशातली मोठमोठी मंडळी यांच्या आकड्यांसाठी खोळंबलेली असतात, आणि हे इथे बनियनवर.

"आरसा लावायचा आणि पकडायचे किरण, त्यात काय एवढं?" मी एकदा म्हटलं.

"ताई, हा किरण समोरून आला तर आरशात घुसतो, परत येत नाही. त्याला तिरपं भेटावं लागतं, अगदी घासून. तापीत चपटा दगड फेकला की टप्पे घेत जातो ना, तसं."

मग तो किरण एका बारीक जाळीवर पडतो आणि त्याच्या वेगवेगळ्या रेघा सुट्या होतात. ही लोखंडाची, ती ऑक्सिजनची. त्यावरून कळतं म्हणे, तिकडे लांब, कुठल्या कुठे, काय तापलंय ते. मी तोंड उघडं ठेवून ऐकत बसते.

गंमत पुढेच आहे. सगळं सुरळीत चाललं की कुणीही खूश होईल. सरांचा चेहरा पडतो. "बठ्ठं सरळ शे, म्हणजे काहीतरी चुकलं शे," असं घरच्या अहिराणी बोलीत पुटपुटतात. मग हात चोळून म्हणतात, "आता यात बिघाड घालू." एखादा आरसा केसभर वाकडा करायचा, जाळी जराशी तापवायची, आणि रेघा किती फिसकटतात ते बघायचं. "वर पान्हा घेऊन कोण जाणार आहे ताई? काय बिघडायचं ते इथेच बिघडू दे."

मे महिन्यात आमच्या गावात कूलरशिवाय माणूस भाजून निघतो. सरांच्या घरी कूलर आहे, पण त्याचं तोंड कॉम्प्युटरकडे. स्वतः डोक्यावर ओला पंचा घेऊन बसतात. माझ्याकडे भरीत खायला आले, तरी पहिल्या घासाला विचारतात, "मिरची दुप्पट पडली असती तर?" अहो, गिळा की मुकाट्याने!

तर असे हे सर परवा सकाळी दारात उभे. "ताई, एक तालीम करायची आहे. तुम्ही नाना व्हा."

नाना म्हणजे त्यांचे थोरले भाऊ. शिरपूरकडच्या खेड्यात शेती करतात. वडील गेले तेव्हा सर परदेशात याच दुर्बिणीच्या एका नमुना आरशाच्या चाचणीवर होते आणि ती टाकून आले नाहीत. आले तोवर तेरावंही उरकलं होतं. नानांनी उंबऱ्यातच सुनावलं, आता आलास तसा जा, पुन्हा येऊ नकोस. तेव्हापासून दोघांत शब्द नाही. आता नानांची बायपास झाली होती, ते नुकतेच घरी आले होते. सरांना भेटायला जायचं होतं. नाना घरात घेतील का, एवढाच घोर होता.

मी खांद्यावर पंचा टाकून नाना झाले. सर बाहेर चपला काढून उभे. मी दार आपटलं. मग शिव्या दिल्या. शाळेत शिकवणाऱ्या बाईच्या कानावर रोज नव्या शिव्या पडतात, साठा बरा आहे. मग नुसती पाठ फिरवली. मग "कोण पाहिजे?" म्हणून ओळखच दाखवली नाही. दर वेळी सर हात चोळत, "अजून एक बिघाड घालू." शिवी आली तर ऐकून घ्यायची, दार लागलं तर ओट्यावर बसून राहायचं, सगळ्याची तयारी. जिन्यातून जाणारे-येणारे आमच्याकडे बघायला लागले.

शेवटी मी वैतागले. दार सताड उघडलं आणि म्हटलं, "ये रे देवराम. बस."

सर आत आलेच नाहीत. खाली बघत म्हणाले, "हे नको ताई."

"का? हेसुद्धा होऊ शकतं की!"

"होऊ शकतं. पण हे खोटं खोटं ऐकवत नाही."

मला भरून आलं. त्या नानांचा रागही आला, न बघताच.

रविवारी मी गाडी काढली. सरांना घेऊन त्यांच्या गावी पोचले. नाना ओट्यावर खाटेवर बसले होते, वाळलेले, छातीशी उशी धरून. ऑपरेशननंतर खोकला आला की टाके ताणले जाऊ नयेत म्हणून देतात ती. सर अंगणात चपला काढून उभे राहिले. नानांनी मान वर करून पाहिलं.

"उना का?" ते म्हणाले. "कितला येळ लावा रे!"

आलास का, असं जेवायला उशीर केलेल्याला म्हणावं, तसं म्हणाले. आणि खाटेवर सरकून जागा केली.

सर ओट्यावर चढले. ते शेजारी बसले आणि नानांच्या खांद्यावर डोकं टेकून हमसून हमसून रडायला लागले.

"रडू नको रे," नाना म्हणाले. "माले रडता येत नही. टाके दुखतस."

असं म्हणता म्हणता तेही रडायला लागले. उशी घरंगळून खाली पडली होती. मी ती उचलून त्यांच्या छातीशी दिली.