नाट्यप्रयोग: कवळी परत आणणे

विसरणं हा प्रकार माझ्या स्वभावातच नाही! आमच्या दशावतारी मंडळाने पेडण्यापासून डिचोलीपर्यंत कुठल्या देवळासमोर कुठलं नाटक केलं, राक्षसाची मिशी कुठे गळून पडली आणि कुठल्या गावात आमटीत मीठ कमी होतं, सगळं मला विचारा. मंडळ आमचे हे चालवायचे तेव्हा कोणी नाटकाची सुपारी घेऊन आलं की बाहेरून ओरडायचे, "विनोदिनी, पुनवेची रात्र मोकळी आहे?" मी चुलीपाशी बसून, हातातली फुंकणीसुद्धा खाली न ठेवता, "नाही!" म्हणून सांगायचे. एकही तारीख कधी चुकली नाही.

आता हे नाहीत. मंडळ मुलगा गोकुळदास चालवतो. आणि सुपारी घेऊन इब्रामपूरपर्यंत येतो कोण? लोक मोबाइल बघतात. त्यात मंडळ दिसलं तर मंडळ आहे, नाही तर नाही! गेल्या वर्षी आमच्या चार जत्रा गेल्या. यंदा साखळीच्या वरच्या वाड्यावरची जत्रा तेवढी आशेला उरली होती. तिथे कमिटी नवीन, सगळी तरुण पोरं. "तुमचं इंटरनेटवरचं पान बघून ठरवू," म्हणाली.

गोकुळदास मला म्हणाला, "आये, साखळी गेली तर पेटारा माळ्यावर टाकायचा. मग नटांना धरून ठेवू शकत नाही मी."

त्या पेटाऱ्यात आमच्या गणपतीचा लाकडी मुखवटा असतो. नाटक उभं राहण्याआधी त्याची पूजा होते. तो मुखवटा माळ्यावर, झुरळांत?

तेव्हा पुढे सरसावली आमची सेजल. गोकुळदासची मुलगी, पणजीला कॉम्प्युटरच्या कंपनीत नोकरीला. एका रविवारी येऊन तिने बुकिंगचं पान बनवलंसुद्धा.

"आज्ये, आता तुझ्या फोनातल्या मंडळाच्या कॅलेंडरातल्या तारखा ह्या पानावर आपोआप दिसायला पाहिजेत. कॅलेंडर एका कंपनीचं, पान दुसऱ्या कंपनीचं. दोघांची ओळखदेख नाही. तू मध्ये राहून हो म्हणायचं."

"म्हणजे माझा पासवर्ड त्या परक्या कंपनीला द्यायचा? शक्य नाही!"

"पासवर्ड नाही गो. आपण पाववाल्या पोदेराला घराची चावी देतो?"

"चावी कशाला? पावाची पिशवी गेटला टांगून ठेवतो."

"तेच! पासवर्ड म्हणजे चावी. ती कोणाला द्यायची नाही. त्याऐवजी टोकन द्यायचं, ते म्हणजे पिशवी. पिशवी दिसली की पोदेर पाव घालून जातो, घरात पाऊल टाकत नाही. पिशवी काढलीस की संपलं."

मी थक्कच झाले! साता समुद्रांपलीकडच्या त्या शहाण्यांनी एवढं डोकं लढवलं आणि शेवटी पोहोचले कुठे? आमच्या गेटपाशी!

आता एक सांगायला हवं. गोकुळदासकडे फोन टिकत नाही. एक विहिरीत गेला, एक शापोरा नदीच्या पाण्यात. म्हणून मंडळाचं खातं सेजलने माझ्या फोनात ठेवलं होतं. दुसरं खातं माझं स्वतःचं. फोनाला नुसतं तोंडाने सांगायचं आणि तो तारखेवर लिहून ठेवतो! मला गरज नव्हती, पण त्याचा तो चमत्कार बघायला मी रोज काही ना काही सांगायचे. गुडघ्याचा एक्सरे. माजघरात मुंग्यांची पावडर टाकणे. माझी कवळी सैल झाली म्हणून साखळीच्या दातांच्या डॉक्टरकडे नवीन करायला दिली होती, तर ती परत आणायची तारीखही. तो बिचारा कधी कंटाळला नाही. आमचे हेसुद्धा माझं एवढं ऐकत नव्हते!

मंगळवारी सकाळी सेजलचा पणजीहून फोन आला. "आज्ये, तुला एक लिंक पाठवलीय. दाब. मग दोन चित्रं दिसतील, त्यातलं बरोबर ते निवड, आणि 'परवानगी द्या' म्हण. मी मीटिंगला चालले!"

मी त्या वेळी बांगडे कापत होते. हात धुतले. पण बांगड्याचा वास साबणाला थोडाच ऐकतो? लिंक दाबली. दोन चित्रं आली. एक माझं, हिरव्या साडीतलं. दुसरं मंडळाचं, म्हणजे आमच्या गणपतीच्या मुखवट्याचं! आता तुम्हीच सांगा, मासळीचं बोट देवाच्या सोंडेवर ठेवायचं? मी माझ्या चित्रावर ठेवलं. दोघं एकाच फोनात राहणारी, एकाच घरची. फरक तो काय पडणार?

"तुमचं खातं जोडलं गेलं आहे," फोनाने कळवलं. मी बांगड्यांकडे वळले.

दुसऱ्या दिवशी आमच्या मंडळाचा राक्षस, प्रशांत, धापा टाकत आला. राक्षसाचं काम करतो म्हणून राक्षस, तसा पोरगा देवमाणूस!

"काकी, गोकुळदादाने मला न विचारता नाटक लावलं? 'गुडघ्याचा एक्सरे' यात मी कोण?"

"कसलं नाटक?"

त्याने मोबाइल माझ्या नाकापुढे धरला. आमच्या मंडळाचं पान. वर गणपती आणि खाली झोकात लिहिलेलं: 'नाट्यप्रयोग: गुडघ्याचा एक्सरे. स्थळ: म्हापसा.' त्याखाली: 'नाट्यप्रयोग: माजघरात मुंग्यांची पावडर टाकणे.' त्याखाली: 'नाट्यप्रयोग: शेवंतीशी दिवाळीपर्यंत बोलायचं नाही.'

शेवंती म्हणजे माझी धाकटी बहीण, साखळीला राहते. वाळवलेल्या फणसाच्या साठांवरून आमचं वाजलं होतं. राग विसरू नये म्हणून लिहून ठेवलेलं!

प्रशांत हळूच म्हणाला, "मुंग्यांच्या नाटकात ट्रिकसीन छान होईल, पण..."

एवढ्यात फोन वाजला. शेवंती!

"काय गो विनू! माझ्यावर नाटक बसवतेस? आणि मला दिवाळीपर्यंत वाळीत टाकलंस ते अख्ख्या गोव्याला सांगितलंस?"

"अगो, ते खाजगी होतं!"

"खाजगी? आमच्या भाजीवालीने मला दाखवलं!"

तो फोन ठेवते न ठेवते तो आतून आलेल्या गोकुळदासचा नवा फोन वाजला. साखळीच्या कमिटीचा अध्यक्ष श्रीनाथ. गोकुळदासने स्पीकर लावला.

"गोकुळदासबाब, आमच्या जत्रेच्याच रात्रीचं बुकिंग घेतलंत? तेही आमच्याच साखळीत? कोणाचं घेतलंत सांगा. खालच्या वाड्याचं ना?"

"छे हो! कोणाचं नाही!"

"मग हे काय? 'नाट्यप्रयोग: कवळी परत आणणे. स्थळ: साखळी.' तारीख आमची! बाब, आमच्याकडे दुसऱ्या मंडळाचा माणूस येऊन बसलाय. दिवेलागणीपर्यंत थांबतो. नंतर मला दोष देऊ नका."

गोकुळदास पेटाऱ्यावर जाऊन बसला. रागावला असता तर बरं वाटलं असतं!

सेजलला फोन लावला. ती ऑफिसात कुजबुजत होती, साहेबाला वाटावं की त्याचंच काम चाललंय. दुपारपर्यंत तिचे फोन येत राहिले. "टोकन बरोबर आहे... परवानगी बरोबर आहे... पत्ताही जुळतोय... आज्ये, सगळं बरोबर असून चुकतंय!" त्या परक्या कंपनीच्या मदतनिसालाही तिने कामाला लावलं. त्याने म्हणे हे असं कधी पाहिलं नव्हतं. मला उगीचच अभिमान वाटला.

मग एकदम ती थांबली.

"आज्ये. काल तू कोणाचं चित्र दाबलंस?"

"माझं."

"तुझं का?"

"हात मासळीचे होते गो!"

"म्हणजे?"

"गणपतीला बांगड्याचं बोट लावू मी?"

"आज्ये," ती अगदी हळू म्हणाली, "मी सकाळपासून इंटरनेट पालथं घातलं. ह्या चुकीचं उत्तर तिथे नाही." मग स्वतःला सावरून म्हणाली, "म्हणजे तू आपल्या दाराला चुकीची पिशवी टांगलीस. बदलू. नवीन लिंक पाठवते. आज मासळी नाही ना?"

मासळी नव्हती. पण जेवणात सुक्या सुंगटांची, म्हणजे कोळंबीची, किसमूर झाली होती! मी तिला तसं काही बोलले नाही. लिंक उघडून ठेवली आणि सरळ न्हाणीघरात शिरले. देवाचं काम, म्हणून डोक्यावरून आंघोळ केली. धुतलेलं लुगडं नेसले, तुळशीला पाणी घातलं, फोनाला हळदकुंकू लावायचा मोह तेवढा आवरला, आणि हात जोडून गणपतीवर बोट ठेवलं.

'विनंतीची मुदत संपली आहे.'

"आज्ये, कुठे होतीस एवढा वेळ?"

"केस धुतले!"

"अगो, ही विनंती पोदेराच्या गरम पावासारखी असते. लगेच घ्यायची! पुन्हा दाब."

पुन्हा दाबली. आता तर फोनाने चित्रं दाखवलीच नाहीत! परस्पर माझ्या नावाने आत शिरला. सेजल म्हणाली, "त्याने तुला लक्षात ठेवलंय."

बघा! एकदा बोट लावलं तर एवढी आठवण! तोंडात बोट घालायची वेळ आली. घातलं नाही, कारण ते आता सोवळं होतं.

"आधी जुनी पिशवी काढायला पाहिजे," सेजल म्हणाली. "सेटिंगमध्ये जा. जोडलेल्या सेवा बघ. आपल्या पानाचं नाव दिसेल. प्रवेश काढून टाक."

जनेलातून ऊन उतरताना दिसत होतं. गोकुळदास पेटाऱ्यावरच. प्रशांत दारात, राक्षस असूनही नखं खात. मी सेटिंगमध्ये गेले. प्रवेश काढला. आणि मग मला एक जबरदस्त कल्पना सुचली! दोन चित्रं असतात म्हणूनच तर चूक होते. मी माझं अख्खं खातंच फोनातून काढून टाकलं!

"आज्ये! ते का काढलंस? तुझ्या सगळ्या तारखा गेल्या ना फोनातून! आठवण कोण करणार तुला?"

"आठवण? मला?" मी केस झटकत म्हणाले. "माझ्या तारखा माझ्या डोक्यात आहेत! तू लिंक पाठव."

लिंक आली. दाबली. आता एकच चित्र. गणपती, सोंड डावीकडे, डोळे माझ्याकडे. 'ह्या पानाला तुमचं कॅलेंडर बघू द्यायचं का?' असं विचारलं होतं. बोलून-चालून ते यंत्र, पण विचारल्याशिवाय एक पाऊल पुढे टाकायला तयार नव्हतं. मी मनात म्हटलं, देवा, हे तुलाच विचारलंय. आणि 'परवानगी द्या' दाबलं.

प्रशांतने मोबाइल उघडला. पान रिकामं झालं. एक्सरे गेला, मुंग्या गेल्या, शेवंती गेली. मग एकेक करून आमच्या खऱ्या जत्रा उमटायला लागल्या, कोरगावची, मोप्याची, आणि साखळीच्या रात्री नुसती पांढरी, मोकळी जागा. एवढी सुंदर रिकामी जागा मी जन्मात पाहिली नव्हती! गोकुळदास पेटाऱ्यावरून उठला आणि त्याने माझ्या ओल्या डोक्यावर हात ठेवला. मी तुळशीपाशी दिवा लावते तोच श्रीनाथचा फोन.

"बघितलं बाब, तारीख मोकळी दिसते. जत्रा तुमची. पण एक अट आहे."

"बोला."

"ते 'कवळी परत आणणे' रद्द का केलंत? आमची पोरं हट्टाला पेटलीयत. रामाचं, कृष्णाचं दरवर्षी बघतो, म्हणतात. आम्हाला तेच नाटक पाहिजे!"

मी मान हलवून नको, नको करत होते. पण दशावताराला कुठे लिहिलेली संहिता असते? कथा ठरवायची आणि रंगमंचावर उभं राहून बोलायचं. गोकुळदासने प्रशांतकडे बघितलं, प्रशांतने त्याच्याकडे.

"देतो की!" गोकुळदास म्हणाला. "नवंकोरं आहे."

जत्रेच्या रात्री साखळीला बसायला जागा नव्हती! माणसं माडांना टेकून उभी. मी पुढच्या खुर्चीवर आणि शेजारी शेवंती. भांडायला म्हणून तिने फोन केला, तेव्हापासून आमचं बोलणं सुरूच झालं होतं, दिवाळीचा मुहूर्त हुकला तो हुकलाच! आधी आमच्या गणपतीची पूजा झाली. मग प्रशांत राक्षस होऊन गर्जत आला आणि त्याने म्हाताऱ्या राजमातेची मंतरलेली दंतपंक्ती पळवली. राजमाता कोण झाला होता? गोकुळदास! गाल आत ओढून, कमरेवर हात ठेवून तो कडाडला, "थांब मेल्या! हात मासळीचे आहेत म्हणून, नाही तर दाखवला असता!"

लोक हसून हसून एकमेकांच्या अंगावर पडले. मागच्या रांगेतून श्रीनाथची शिट्टी. सेजल डोळे पुसत होती. शेवटी राजमातेला दात परत मिळाले तेव्हा एवढ्या टाळ्या पडल्या की माडावरची वटवाघळं उडाली! पुढच्या वर्षीची सुपारी श्रीनाथने तिथेच गोकुळदासच्या हातात ठेवली. पेटारा काही माळ्यावर जात नाही आता.

"हस गो विनू!" शेवंतीने मला कोपर मारलं. "तोंड उघडून हस की! पदर कशाला लावलास?"

मी पदर आणखी घट्ट धरला. तिने वाकून माझ्याकडे निरखून बघितलं.

"आगे बाय! कवळी आज आणायची होती ना? डॉक्टर संध्याकाळपर्यंत दवाखाना उघडा ठेवून बसला होता. म्हणाला, येतील, पानावर तारीख वाचलीय मी!"

तारीख डॉक्टरला ठाऊक होती. श्रीनाथच्या कमिटीला ठाऊक होती. शेवंतीच्या भाजीवालीलासुद्धा ठाऊक होती. सगळ्या गोव्यात ती विसरलेली बाई एकटी मीच, आणि राजमातेला कवळी मिळाल्याबद्दल सर्वांत जोरात टाळ्या वाजवत होते तीही मीच!