समुद्राकाठचा कूलर

बाबाराव रिक्षातून उतरले तेव्हा त्यांच्या मांडीवर पंखा होता. मागच्या रिक्षात त्यांची बायको माया होती, तिच्या मांडीवर पाण्याचा पंप होता आणि रिक्षाच्या टपावर दोरीने आवळलेला पत्र्याचा डबा. फाटकात उभे असलेले गिरिधर देशकर आणि त्यांची बायको चारुशीला बघतच राहिले.

"गिर्‍या, मे महिना हाय अन् घरात कूलर नाही?" बाबाराव म्हणाले. "तू नागपूरचा हाय का कोण बे?"

देशकरांनी धरमपेठेतल्या घराला कुलूप लावून सबंध उन्हाळ्यासाठी वेंगुर्ल्याला दोन खोल्या भाड्याने घेतल्या होत्या. नागपूरची लू चुकवायची, रोज समुद्र पाहायचा, आणि चारुशीलाबाईंच्या शब्दांत सांगायचं तर, "आयुष्यात एकदा तरी फक्त दोन माणसांचा स्वयंपाक करायचा." बाबाराव हे गिरिधरचे शाळेपासूनचे दोस्त. इतवारीत त्यांचा कूलरचा कारखाना. वडिलांनी काढलेला. मित्राचं लग्न असो, वास्तुशांती असो की बारसं, बाबारावांचा आहेर एकच असे, आणि त्याला खाली चाकं असत.

संध्याकाळपर्यंत कूलर खिडकीत बसला. वाळ्याच्या नव्या ताट्या भिजल्या, पंप घुरघुरला, पंखा फिरला, आणि बाबाराव कंबरेवर हात ठेवून म्हणाले, "आता पाह्य मजा!"

नागपूरच्या कोरड्या झळांना ओली ताटी लागली की हवा गारेगार होते. वेंगुर्ल्याची हवा मुळातच ओली. तिला आणखी ओली करून खोलीत सोडली, तर काय होतं हे फक्त इडल्यांनाच माहीत असतं. तासाभरात मीठ विरघळलं, पापडांनी मान टाकली, काडेपेटी पेटेना. वर्तमानपत्र धुतलेल्या धोतरासारखं दोरीवर वाळत घालावं लागलं.

"नवी ताटी हाय," बाबाराव घाम पुसत म्हणाले. "दोनेक दिवस लागते सेट व्हायले. पाणी टाक गा अजून."

गिरिधर विहिरीवरून बादल्या आणत राहिले. घरमालकीण शोभाताई कठड्याशी उभ्या राहून हा यज्ञ बघत होत्या.

"काका, ह्या हवेत आधीच इतकां पाणी आसा. तुमी आनिक कित्याक घालतास?"

"पाहुणे आहेत हो," गिरिधर म्हणाले.

रात्री जेवताना चारुशीलाबाईंनी नवर्‍याला कोपर मारलं. "सांगा ना त्यांना. दारं फुगून राहिली, आता लागत पण नाहीत."

"काय सांगू? यंदा त्याचा धंदा बसला आहे. सगळे हप्त्यावर एसी घेऊन राहिले. त्यात मी म्हणू, तुझा कूलर बेकार आहे?"

"मग बंद तरी करा!"

इथे गिरिधरना युक्ती सुचली. माणसाला खोटं बोलायचं नसलं आणि खरंही बोलायचं नसलं, की युक्तीच सुचते. दुसर्‍या दिवशी दुपारी त्यांनी बायकोची शाल काढली, अंगाभोवती गुंडाळली आणि कूलरसमोर बसून दात वाजवले.

"बाबाराव, बंद कर गा. फार थंडी वाजून राहिली."

बाबाराव उभेच राहिले. त्यांचे डोळे भरून आले.

"माया! ए माया! इकडं ये वं! गिर्‍या कुडकुडून राहिला! समुद्राच्या काठी, मे महिन्यात!"

"मले तर घामोळ्या आल्या," माया म्हणाली.

"तुयं रक्तच गरम हाय." त्यांनी शालीतल्या गिरिधरचा फोटो काढला आणि तडक इतवारीत मुलाला फोन लावला. "दुर्गेश! धंदा सापडला बेटा! पूर्ण किनार्‍यावर एकाच्या घरी कूलर नाही. एकाच्याही! मार्केट रिकामं पडलं हाय. गोदामात जेवढा माल हाय तेवढा ट्रकात भर. उद्या सकाळी गाडी निघाली पाहिजे."

शालीच्या आत गिरिधरना खरोखरच कापरं भरलं.

संध्याकाळी चौघं समुद्रावर गेले. बाबाराव कुठल्या लॉजला किती कूलर द्यायचे ते बोट दाखवून ठरवत होते. दोघी मागून येत होत्या. ट्रक निघाला की दोस्त बुडणार, हे गिरिधरना स्वच्छ दिसत होतं.

"बाबाराव, हवा दमट आहे ना इथं," त्यांनी सुरुवात केली.

"म्हणून तर कूलर पाहिजे!"

"तसं नाही." गिरिधरनी डोळे मिटले. "ट्रक नको पाठवू. तुझा कूलर इथं चालत नाही. कोणाचाच चालत नाही."

"तू तर कुडकुडत होता."

"नाटक होतं. तू कूलर बंद करावा म्हणून. आतून घामाच्या धारा लागल्या होत्या मले."

बाबाराव वाळूत बसले. एक लाट पायांपर्यंत येऊन त्यांची चप्पल घेऊन गेली, तरी त्यांनी हात पुढे केला नाही.

"सरळ सांग ना गिर्‍या," शेवटी ते म्हणाले. "कूलरचं नाव काहून पुढं करतं? आमचं राहणं जड होऊन राहिलं तुम्हाले."

"अरे नाही बे!"

"माया म्हणतच होती. वहिनी पोळ्या लाटताना एक शब्द बोलत नाही म्हणे."

"उकाड्यानं बोलत नाही ती!"

"दुपारी थंडी होती, आता उकाडा झाला. समजते मले. आम्ही उद्याच्या गाडीनं जातो." बाबाराव उठले आणि एका चपलेने चालू लागले.

ट्रक राहिला बाजूला, आता दोस्तच चालला होता. गिरिधरनी धावत जाऊन त्यांचा हात धरला. "जाशील तर माझी शपथ आहे! तुम्हाले पाऊस लागेपर्यंत राहा लागते. ऐकून नाही घेत मी काही!"

बाबाराव थांबले. "मनापासून म्हणून राहिला?"

"मनापासून!"

"अन् वहिनी?"

दोघांनी मागे पाहिलं. अशा वेळी नागपूरच्या बाईला एकच उत्तर येतं. ते तिला आईच्या पोटातच शिकवलेलं असतं.

"हे काय विचारणं झालं भाऊजी?" चारुशीलाबाई म्हणाल्या. "घर तुमचंच आहे. राहा, अजून कोणाला बोलवायचं तर बोलवा."

बाबारावांचा चेहरा फुलला. त्यांनी फोन काढला. "दुर्गेश, थांब! माल उतरव. हो, सगळाच. इथं चालत नाही, गिर्‍यानं सांगितलं. काय? ट्रकवाला ॲडव्हान्स वापस नाही देत? मग त्याच्या बसगाड्या बी हायेत न? ट्रकाच्या जागी बस घे. तुयी आजी, दोन्ही आत्या, त्यांचे पोट्टे, कारखान्यातली मंडळी, सगळ्यायले बसव. आजी किती वर्षांची समुद्र-समुद्र करून राहिली. अरे, काहून लाजतं? वहिनीनं स्वतः म्हटलं!"

गिरिधरनी बायकोकडे बघायचं टाळलं आणि बाबारावांची गेलेली चप्पल शोधायला गुडघाभर पाण्यात शिरले.

बाबारावांनी फोन कानापासून दूर धरला. "वहिनी, दुर्गेश विचारून राहिला, नागपूरहून येताना तुमच्यासाठी काय आणू?"

चारुशीलाबाईंनी समुद्राकडे पाहिलं. आल्यापासून पहिल्यांदाच त्या इतका वेळ त्याच्याकडे पाहत होत्या.

"एक आचारी," त्या म्हणाल्या.