दूफीने लावलेली गोगलगायींची लग्नं

गोगलगायीच्या शंखाचं नुसतं टोक बघून नवरा कुठला नि बायको कुठली ते सांगणारी कुमासी शहराच्या अख्ख्या बाजारात आपण एकटीच, असं दूफी छातीठोकपणे सांगायची. टोक अणकुचीदार तो नवरा, बोथट ती बायको. जन्मभर खायच्या गोगलगायी विकलेल्या बाईशी वाद कोण घालणार?

रानात आता वीतभर गोगलगाय औषधालाही मिळत नव्हती. आईच्या वेळच्या वाणाच्या उरलेल्या सहाच दूफीच्या परसात होत्या. वाण बुडू नये म्हणून तिने त्यांच्या जोड्या लावल्या. रीतीप्रमाणे जमिनीवर दारू शिंपडून पूर्वजांना हाक घातली आणि प्रत्येक जोडप्याला वेगळा हौद दिला. म्हणाली, "एकत्र राहिले की भानगडी होतात."

दोन पावसाळे गेले. अंडं एक नाही.

मग पपईची पानं टाकताना ती बोथट टोकवालींना सुनवायची, "गिळायला तेवढ्या पुढे. कूस उजवायची म्हटलं की शंखात." हे जरा मोठ्यानेच. कारण लग्नाला आठ वर्षं होऊनही मूल नसलेली तिची लेक कोनादू, शाळेतली बाई, पलीकडच्याच खोलीत राहायची.

एक दिवस कोनादू बाहेर आली. "आई, या दोन निराळ्या जाती आहेत. तू शेळीचं मेंढीशी लग्न लावलंयस. आणि गोगलगायीत नवरा-बायको नसतातच. जी ती नरही असते नि मादीही."

"हेच शिकवतेस? तरीच पोरं नापास होतात."

"कापून दाखवू?"

"दाखव."

कोनादूने अणकुचीदार टोकाची एक फोडली. "हे नराचं इंद्रिय. ही अंड्यांची पिवळी ग्रंथी."

"हा बिघडलेला निघाला. दुसरा घे."

दुसराही तसाच. बोथट टोकवालीही तशीच.

"आई, पुरे. एका जातीच्या एकत्र ठेव, अजून पिल्लं होतील."

"एक तरी सरळ नवरा निघेल की," म्हणत दूफीने सुरी हिसकावली. हौद रिकामे होत गेले. शेवटच्या गोगलगायीच्या पोटातून तुरीच्या दाण्याएवढी अंडी ओघळली.

"हिला कोणी दिली?" दूफीने विचारलं.

"कोणी नाही. यांच्यातल्या काही एकट्याच अंडी धरतात म्हणे."

दूफीने सुरी पुसली. मग म्हणाली, "लिंबू आण. बुळबुळ धुवायला हवी."

त्या गोगलगायी घातलेलं पामफळांचं सार फर्मास झालं, असं शेजारणी अजून सांगतात. दूफीने बोट लावलं नाही. कोनादूने दोनदा वाढून घेतलं.